मराठी पुस्तक लावायचंय? आधी फॉन्ट ठरवा, मग सॉफ्टवेअर

पुस्तकाची पानं छपाईसाठी लावायची (टाइपसेट करायची) म्हटलं की बहुतेक जण आधी सॉफ्टवेअर कुठलं ते विचारतात, पण माझं स्पष्ट मत आहे की आधी फॉन्ट ठरवा आणि तो युनिकोडच घ्या, म्हणजे ज्यात फाइलच्या आतही खरी देवनागरी अक्षरंच साठवली जातात. कृतिदेव, शिवाजी असल्या जुन्या फॉन्टमध्ये कागदावर मराठी दिसतं पण फाइलच्या आत रोमन अक्षरंच असतात, मग उद्या ईबुक काढायचं म्हटलं की सगळं अडतं. जुना मजकूर युनिकोडमध्ये बदलणाऱ्या कन्व्हर्टरमधून काढला असेल तर रफार, अर्धी अक्षरं आणि अवतरणचिन्हं नीट वाचून तपासा, घोळ तिथंच होतो.

फॉन्ट नुसता छान दिसतो म्हणून घेऊ नका. एक पान लावा, त्यात दुसऱ्या, तऱ्हा, ॲसिड, शृंगार, उद्ध्वस्त, ब्राह्मण आणि ५, ८, ९ हे आकडे येऊ द्या. 'दुसऱ्या'तला र जर य च्या डोक्यावर रफार होऊन बसला तर तो फॉन्ट सरळ बाजूला ठेवा. ल पाकळीचा आणि श देठाचा हवा, काही फॉन्टमध्ये सॉफ्टवेअरमधली भाषा मराठी केल्यावरच ते येतात. टिरो देवनागरी मराठी मला मजकुरासाठी फार आवडतो, पण त्यात बोल्ड नाही, त्यामुळे शीर्षकांना 'मुक्त' नावाचा फॉन्ट घ्या. संस्कृत श्लोक भरपूर असतील तर आयआयटी मुंबईचा शोभिका फॉन्ट बघा. हे सगळे फुकट आहेत.

डेमी साइझला (कादंबऱ्यांचा नेहमीचा आकार) अक्षर १२-१३ पॉइंट आणि लीडिंग, म्हणजे ओळीपासून ओळीपर्यंतचं अंतर, १७-१८ पॉइंटपासून सुरू करा, इंग्रजीच्या हिशोबानं लीडिंग धरू नका कारण आपल्याकडे वर रफार-अनुस्वार आणि खाली उकार, वरच्या ओळीतल्या 'कृ'चा ऋकार खालच्या 'र्ती'ला चिकटता कामा नये.

आता सॉफ्टवेअर. ॲडोबीचं इनडिझाइन असेल तर पॅराग्राफ स्टाइलमध्येच वर्ल्ड-रेडी कंपोझर (देवनागरीसारख्या लिप्या नीट जुळवणारी सोय) आणि भाषा मराठी लावा, नाहीतर पहिली वेलांटी भलतीकडे जाते आणि जोडाक्षरं हलन्त होऊन सुटतात. जुनं पेजमेकर विसरा, त्याला युनिकोड कळतच नाही. पैसे घालायचे नसतील तर स्क्रायबस १.६ चालेल. तळटीपा, सूची, संदर्भ यांचं मोठं काम असेल तर झीलेटेक (XeLaTeX, मजकुरात आज्ञा लिहून पानं लावायची पद्धत) शिकायचा त्रास घ्याच. साधी कादंबरी लिब्रेऑफिसमध्येसुद्धा लागते, फक्त तिथं देवनागरीचा फॉन्ट कॉम्प्लेक्स टेक्स्टच्या (देवनागरीसारख्या लिप्यांच्या) वेगळ्या खान्यात द्यावा लागतो.

प्रेसला पीडीएफ देण्याआधी सगळे फॉन्ट एम्बेड झालेत, म्हणजे फाइलमध्येच सामावलेत, का बघा, आणि शेवटचं प्रूफ खऱ्या मापात कागदावर काढूनच वाचा.