‘कुठल्या सालापासून?’ : कोलंबसात राहून मिशिगनवाल्यांशी वाद कसा घालावा

नोव्हेंबरचा शेवट आला की अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, आमच्या कोलंबसमध्ये ‘एम’ हे अक्षर गायब होतं. ओहायो स्टेट युनिव्हर्सिटीच्या आवारात पाट्यांवरच्या एकेका एमवर लाल टेपची फुली मारतात. २००६ साली मी इथं नवा होतो. सकाळी ऑफिसात गेलो तर माझ्या टेबलावरच्या नावाच्या पाटीवरही लाल फुली, कारण माझं नाव एमवरून सुरू होतं. मला वाटलं, गेली नोकरी! शेजारच्या टेबलावरची बाई हसत म्हणाली, घाबरू नकोस, शनिवारी मिशिगन युनिव्हर्सिटीशी अमेरिकन फुटबॉलची मॅच आहे.

त्या शनिवारी दोन्ही संघ तोवर एकही सामना हरलेले नव्हते. ओहायो स्टेट पहिल्या क्रमांकावर, मिशिगन दुसऱ्या. आदल्याच दिवशी मिशिगनचे जुने कोच बो शेंबेक्लर वारले. ज्या माणसाला वर्षानुवर्षं शिव्या घातल्या, त्याच्यासाठी इथलं लाखभराचं स्टेडियम गप्प उभं राहिलं, आणि मग मिशिगनला ४२-३९ नं हरवून घरी गेलं. मी कोल्हापूरच्या शिवाजी पेठेतला. आमचा फुटबॉल पायानं खेळायचा, पण पाटाकडील तालमीशी मॅच असली की पेठेत काय वातावरण असतं ते बघतच वाढलो. हा आजार मला लगेच ओळखू आला.

तेव्हा इथं नव्यानं आलेल्यांसाठी ही माहिती. थँक्सगिव्हिंगला शेजाऱ्यानं बोलावलं की वाद होणारच, आणि नुसतं हसून चालत नाही.

पहिली गोष्ट, समोरच्यानं कुठलाही आकडा फेकला की शांतपणे विचारा, ‘कुठल्या सालापासून?’ अर्धा वाद इथंच संपतो. मिशिगनवाला म्हणणार, आपसातल्या सामन्यांत आम्ही ६२-५२ नं पुढं आहोत, सहा बरोबरीत. खरं आहे, २०२५ धरून हाच हिशोब. पण पहिला सामना झाला १८९७ ला, मिशिगननं तो ३४-० नं जिंकला, आणि पहिल्या १५ सामन्यांत ओहायो स्टेट एकदाही जिंकलं नाही. १३ हार, दोन बरोबरी. पहिला विजय आला थेट १९१९ ला, १३-३. ते १५ सामने बाजूला काढा, हिशोब ४९-५२ होतो. हे पाठच करून ठेवा. कागद-पेन काढून मांडलं तर जास्त परिणाम होतो, असा माझा अनुभव आहे.

हाच प्रश्न आपल्यावर उलटतो, हेही ध्यानात असू द्या. आमच्या बाजूचा माणूस ‘या शतकात बघा’ म्हणतो तेव्हा त्याच्या डोक्यात २००१ ते २०१९ असतं. त्या १९ सामन्यांपैकी १७ ओहायो स्टेटनं मैदानावर जिंकले. (२०१० चा विजय पुढं रेकॉर्डमधून काढून टाकला. खेळाडूंनी आपल्या वस्तू टॅटूच्या दुकानात दिल्या होत्या, त्यावरून. वरच्या ५२ मध्ये तो नाही.) पण २०२० चा सामना करोनामुळं झाला नाही, आणि २०२१ ते २०२४ सलग चार मिशिगननं मारले. म्हणजे तुम्ही कुठं थांबता, तेही बघितलं जातं.

दुसरं, राष्ट्रीय विजेतेपदं. मिशिगन १२ सांगतं, ओहायो स्टेट ९. नवख्या माणसाला वाटतं, विषय संपला. पण पूर्वी कॉलेज फुटबॉलमध्ये अंतिम सामना नावाचा प्रकारच नव्हता. कोण पहिला हे वेगवेगळे लोक आणि संस्था ठरवायच्या, आणि कुठलं साल मोजायचं ते प्रत्येक युनिव्हर्सिटी स्वतःच ठरवते. पत्रकारांच्या मतांची एपी क्रमवारी सुरू झाली १९३६ ला. मिशिगनच्या १२ पैकी आठ त्याच्या आधीची, १९०१ पासूनची. ओहायो स्टेटची सगळी नऊ नंतरची. मी हे फार जोरात सांगत असे, जोपर्यंत माझी स्वतःची मुलगी शिकायला ॲन आर्बरला, म्हणजे मिशिगन युनिव्हर्सिटीतच, गेली नव्हती. पहिल्याच सुट्टीत घरी येऊन ती म्हणाली, ‘बाबा, १९६१ ला एपीत पहिली अलाबामा होती. ते तुम्ही कसं मोजता?’ बरोबर होतं तिचं. त्या वर्षी ओहायो स्टेटला फुटबॉल पत्रकारांच्या दुसऱ्या एका संघटनेनं पहिलं ठरवलं होतं. वर त्याच वर्षी इथल्या प्राध्यापकांनी मतदान करून संघाला रोझ बोल या हंगामाअखेरच्या मोठ्या सामन्याला जाऊच दिलं नाही. कोंडीत सापडलात तर अलाबामाकडं बोट दाखवा. १९४१ ला त्यांचा संघ एपीत विसावा होता, आणि ते वर्ष ते विजेतेपद म्हणून मोजतात. यावर दोन्ही बाजू एकत्र हसतात, तेवढ्यात ताट वाढून घ्यावं.

तिसरा भाग रिक्रूटिंगचा, म्हणजे नव्या खेळाडूंच्या भरतीचा, आणि इथं माणसं सर्वात जास्त फसतात. शाळेतल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोरांना स्टार देतात, पाच म्हणजे अगदी मोजकी पोरं. ट्वेंटीफोरसेव्हन स्पोर्ट्स, रायव्हल्स अशा कंपन्या हे करतात. पोरं डिसेंबरात सह्या करतात आणि लगेच कॉलेजांची क्रमवारी लागते. एका वर्षी घेतलेल्या पोरांना मिळून ‘क्लास’ म्हणतात. कुणी म्हणालं, ‘आमचा क्लास तिसरा, तुमचा नववा’, की विचारा, पोरं किती घेतली? २६ पोरं घेणाऱ्याचे एकूण गुण १७ घेणाऱ्यापेक्षा सहज वाढतात. एकूण गुण सोडा, दर खेळाडूमागची सरासरी बघा. एका वर्षावरही जाऊ नका, शेवटचे चार क्लास एकत्र धरा आणि त्यात चार-पाच स्टारवाले निम्म्याहून जास्त आहेत का ते मोजा. याला इथं ब्लू-चिप रेशो म्हणतात. ओहायो स्टेट त्यात कायम वरच्या टोकाला असतं. २०२३ चं मिशिगन निम्म्याच्या जरासंच वर होतं. तरी त्या वर्षी आम्हाला ३०-२४ नं हरवून, पंधराच्या पंधरा सामने जिंकून तेच विजेते झाले.

म्हणून स्टार मोजा, पण त्यावर पैज लावू नका. ३० नोव्हेंबर २०२४ ला मी शेजारच्या आजोबांच्या तळघरात मॅच बघत होतो. आमचा संघ दुसऱ्या क्रमांकावर, मिशिगन त्याआधी पाच सामने हरलेलं. हरलो, १३-१०. आजोबा एक शब्द बोलले नाहीत. टीव्ही बंद केला, बूट घातले आणि त्या थंडीत अंगणातली पानं गोळा करत बसले. मीही दुसरी खराटी घेतली. पुढं २० जानेवारीला ओहायो स्टेटनं नोटर डेमला ३४-२३ नं हरवून राष्ट्रीय विजेतेपद घेतलं. मी पेढे घेऊन गेलो. आजोबांनी पेढा तोंडात टाकला, म्हणाले, ‘छान आहे. पण १३-१०.’

हल्ली रिक्रूटिंगबरोबर ट्रान्सफरही बघावं लागतं. २०१८ पासून ट्रान्सफर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची यादी, आलं, २०२१ पासून खेळाडूंना नावावर पैसे मिळवता येतात, त्यामुळं आज तुमचा असलेला पोरगा उद्या दुसऱ्याचा. हंगामाआधी तालीम बदलणारे खेळाडू बघितलेत ना? तसंच. जो बरो या खेळाडूचं नाव मात्र स्वतःहून काढू नका. ओहायोचाच पोरगा, इथून डिग्री घेतली, पण इथं जागा मिळाली नाही म्हणून लुइझियाना स्टेट युनिव्हर्सिटीला (एलएसयू) गेला आणि २०१९ ला हाइझमन (वर्षातल्या सर्वोत्तम खेळाडूचा पुरस्कार) आणि विजेतेपद दोन्ही घेऊन बसला. तो कुणाचा, यावर मी जेवणं थंड होताना पाहिली आहेत.

टॅटूचा विषय आणि मिशिगनचा समोरच्या संघाच्या खुणा (मैदानाबाहेरून खेळाडूंना केलेले इशारे) चोरण्याचा विषय, दोन्ही काचेची भांडी. समोरच्यानं आपलं फोडलं तरच त्याचं फोडा.

२०२५ ला ॲन आर्बरला जाऊन ओहायो स्टेटनं २७-९ नं हरवलं. मॅच संपताच मी मुलीला नुसता स्कोअर पाठवला. दोन मिनिटांनी उत्तर आलं, ‘६२-५२, बाबा.’

मी लिहिलं, ‘कुठल्या सालापासून?’