कॅम नवा, स्प्रिंगा जुन्याच? या चुका टाळा

परफॉर्मन्स कॅम (व्हॉल्व्ह जास्त उघडणारा दांडा) टाकला, गाडी मधल्या आरपीएमला झकास ओढते, पण वर गेली की फटफट करून पडते. ठाण्यात अशी गाडी गॅरेजला गेली की आधी प्लग बदलतात, मग कॉइल, मग ट्यूनिंगवाल्याच्या नावाने बोटं मोडतात. स्प्रिंगांकडे कुणी बघत नाही. (आरएक्स 100 वाल्यांनी पुढे वाचायची गरज नाही, टू-स्ट्रोकला व्हॉल्व्ह स्प्रिंगच नसते.)

हा बहुतेक वेळा व्हॉल्व्ह फ्लोट असतो, म्हणजे स्प्रिंग कमी पडते आणि व्हॉल्व्ह कॅमला चिकटून राहत नाही. लिमिटर (आरपीएमला मर्यादा घालणारी यंत्रणा) समजून फसू नका, तो ठरलेल्या आरपीएमलाच कापतो. फ्लोट स्प्रिंग थकेल तसा अलीकडे सरकत येतो. 7,000 वरून 8,000 आरपीएमला गेलात की व्हॉल्व्हला कॅमला चिकटवून ठेवायला लागणारा जोर साधारण 30 टक्क्यांनी वाढतो, कारण तो वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो.

म्हणून लोक सरळ सगळ्यात कडक स्प्रिंग आणतात. हीसुद्धा चूकच. जादा दाबाने कॅमचे लोब (उंचवटे) आणि त्यांचा धक्का व्हॉल्व्हपर्यंत नेणारे रॉकर घासतात, वर ताकदही खाल्ली जाते. कॅमवाल्याने सीटवरचा (व्हॉल्व्ह बंद असतानाचा) आणि पूर्ण उघडल्यावरचा दाब दिलेला असतो, तोच धरा.

खरा घोळ मापात होतो. कॅमच्या कागदावर 6.5 मिमी लिफ्ट (उचल) वाचून मंडळी निर्धास्त होतात. ती लोबची लिफ्ट! रॉकरचा रेशो 1.5 असेल, तर टॅपेटचा गॅप सोडून व्हॉल्व्ह 9.75 मिमी उघडतो. समजा, बसवलेल्या स्प्रिंगची उंची 36 मिमी आहे आणि सगळे वेढे एकमेकांना टेकल्यावर ती 25.5 राहते. म्हणजे हातात 10.5 मिमी, शिल्लक फक्त 0.75. निदान दीड मिमी तरी हवी. त्यात दाब वाढवायला कुणी स्प्रिंगखाली 0.5 मिमीची शिम (पातळ चकती) घातली तर उरले पाव मिमी, आणि 3 किलो प्रति मिमीच्या स्प्रिंगला दाब वाढला जेमतेम दीड किलो.

बसवलेल्या स्प्रिंगची उंची कॅटलॉगमधून उचलू नका. स्प्रिंग न घालता व्हॉल्व्ह, वरची कॅप आणि ती दांड्याला अडकवणारे कॉटर लावा, व्हॉल्व्ह वर ओढून धरा आणि स्प्रिंगच्या बैठकीपासून कॅपच्या खालच्या बाजूपर्यंत मोजा. प्रत्येक व्हॉल्व्हला. सीट कटिंग झालेल्या हेडमध्ये व्हॉल्व्ह आत बसतो, दांडा वर येतो आणि उंची वाढून दाब पडतो. नव्या स्प्रिंगाही मग ढिल्या वाटतात. वागळे इस्टेट असो की रबाळे, ज्याच्याकडे स्प्रिंग टेस्टर आहे त्याच्याकडूनच दाब तपासून घ्या, अंगठ्याने दाबून नाही.

पूर्ण लिफ्टला कॅप ऑइल सीलवर आपटत नाही ना, तेही बघा. नाहीतर सील फुटून निळा धूर येतो आणि दोष बिचाऱ्या पिस्टन रिंगांना लागतो.

फ्लोट होत असताना गाडी बरेच दिवस दामटली असेल, तर स्प्रिंगा मागवण्याआधी लीक-डाऊन टेस्ट (सिलिंडरमध्ये हवा भरून गळती बघणे) करून घ्या. पिस्टनला टेकून वाकलेला व्हॉल्व्ह कुठल्याही स्प्रिंगने सरळ होत नाही.