परड्यातला मेस आणि बाणाची काडी

भाताची सुगी उरकून गंजी लागल्या की बेळगावकडच्या खानापूर, जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात कोयते मोकळे होतात. मेस, म्हणजे आमच्याकडचा बांबू, तोडायचे दिवस तेच. पावसाळ्यात बेट कोंब काढत असतं आणि काठी रसाने भरलेली असते. तेव्हा तोडली तर भुंगेरा लागतो आणि काठीखाली पिठासारखा भुगा साठतो. मार्गशीर्ष ते माघ तोडलेली काठी टिकते. आमच्याकडची जुनी माणसं अमावास्येकडे बघून कोयता उचलतात. मी तिथी बघत नाही, महिना बघतो.

राष्ट्रीय धनुर्विद्या स्पर्धांतल्या 'इंडियन राउंड'मध्ये बांबूचंच धनुष्य लागतं आणि 30 व 50 मीटरवर नेम धरतात. त्यामुळे गावातली पोरं हल्ली काड्या मागायला परड्यात येतात. त्यांना माझं पहिलं सांगणं एवढंच, की बांबूचा नेहमीचा सल्ला इथे उलटा चालतो. सगळे म्हणतात खत घाला, काठी जाड होऊ द्या. बाणाला हवी 8-9 मिलिमीटरची काडी, आणि बांबूची काठी जमिनीतून वर येते तीच तिची जाडी. पुढे ती फक्त पक्की होते, फुगत नाही.

म्हणून रोप घेतानाच ठरवा. बियांपासूनच्या मेसाच्या रोपाला पहिली दोन-तीन वर्षं पेन्सिलीएवढ्याच काड्या येतात, त्या आपल्या कामाच्या. कंद लावला तर बेट लवकर जाड काठ्या देतं. मुरमाड माळावर, बांधाच्या कडेला दोन-दोन मीटरवर रोपं लावा, शेण-युरिया विसरा. लावणी मात्र मृगाच्या पावसावरच. माणगा ही बांबूची दुसरी जात सरळ आणि बिनकाट्याची असते, पण तिच्या काठीतून चिरूनच काडी काढावी लागते. मी एका रोपवाटिकेतून माणगा म्हणून वीस रोपं आणली होती. तिसऱ्या वर्षी काटे दिसले तेव्हा कळलं, तो कळक, म्हणजे काटेरी बांबू आहे. रोपाच्या फांद्यांवर नीट हात फिरवून घ्या.

मोबाइलवर 'यादाके' नावाचा जपानी बाणाचा बांबू दिसतो. खरंच सुंदर असतो, पण तो जमिनीखालून पळणारा. बांध ओलांडून शेजाऱ्याच्या रानात गेला तर काडीपेक्षा पंचायतच मोठी होईल. आपला मेस बेट धरून राहतो.

तोडताना वय बघा. कोवळ्या काठीवर पांढरी भुकटी आणि टरफल असतं. तिसऱ्या वर्षी टरफल गळतं, रंग मळकट होतो, बुरशीचे राखाडी ठिपके दिसतात. दरवर्षी नव्या काठ्यांवर ऑइलपेंटचा वेगळ्या रंगाचा ठिपका मारा, मग अंदाजाची भानगड नाही. तीन वर्षं पुरी झालेलीच काठी काढा. जमिनीलगतच्या पहिल्या गाठीच्या वरून कापा, म्हणजे खुंटात पाणी साचणार नाही. तोडलेली काडी पानांसकट आठवडाभर सावलीत उभी ठेवा. पानं उरलेला रस ओढून घेतात. नंतर वीस-वीसच्या मोळ्या करून दोन-तीन ठिकाणी गच्च बांधा आणि माळ्यावर दोन-तीन महिने विसरा. माझ्या पहिल्या चोवीस काड्या मी घाईने पत्र्यावर उन्हात टाकल्या. दुपारपर्यंत तड-तड आवाज येत होता, संध्याकाळी चुलीत घालायला बरं सरपण झालं.

वाळल्यावर खरं काम सुरू होतं. निखाऱ्यावर गाठ फिरवत धरा, जाळावर नाही. सालीवर तेलासारखं पाणी चमकलं की काडी गुडघ्यावर दाबून सरळ करा आणि गार होईपर्यंत तशीच धरून ठेवा. सोडली तर परत वाकते. गाठीच वाकड्या असतात, पेरं फार त्रास देत नाहीत. जाड काठीतून काढायचं असेल तर बुरूड किंवा मेदार, म्हणजे बांबूकाम करणारे, कामट्या चिरतात तसं चिरून रंध्याने गोल करा. चिरताना साल जेवढी राखता येईल तेवढी राखा, ताकद तिथेच असते.

बुंध्याकडचं जाड टोक पुढे, फाळाला. शेंड्याकडे पिसं आणि दोरीत अडकवायची खाच. खाचेच्या अगदी पुढे एक गाठ येईल अशीच काडी कापा, नाहीतर दोरीच्या धक्क्याने ती चिरत पुढे जाते. वरून दोऱ्याचे वेढेही द्या.

ताठपणा मोजायचा तर काडी 66 सेंटिमीटर अंतरावरच्या दोन टेकूंवर ठेवून मध्ये 900 ग्रॅमचं वजन लटकवा. साधारण 16-17 मिलिमीटर वाकली तर ती 40 पौंड ओढीच्या धनुष्याला चालते. जास्त वाकली तर हलक्या धनुष्याला, कमी वाकली तर भारीला. एका संचात सारखी वाकणारी आणि सारख्या वजनाचीच काडी घ्या. शंभरातून बारा सारख्या निघाल्या तरी मला समाधान असतं.

नेम धरण्याआधी प्रत्येक बाण दोन्ही हातांनी हलका वाकवून कान लावा. करकर आवाज आला तर मोडून टाका, कारण तडकलेली काडी सुटताना मनगटात घुसते. कंपाउंड, म्हणजे चाकं लावलेल्या जोरदार धनुष्यावर तर ती चढवूच नका. शिकारीचा विचारही नको, 1972 च्या वन्यजीव कायद्याने ती बंद आहे.

2017 पासून खासगी जमिनीतला बांबू केंद्राच्या वन कायद्यात 'झाड' राहिलेला नाही. पण जंगलातली काठी जंगलाचीच, आणि गाडीत भरून मोळ्या बाहेर नेण्याआधी वन कार्यालयात विचारून घ्या. मृगात कोंब फुटले की साळिंदर आणि रानडुक्कर रात्रीतून साफ करतात, तेव्हा बेटाभोवती काटेरी झुडपं आताच टाकून ठेवा.