झिरपतं काँक्रीट टाकताय? आधी प्लास्टिक आणा

गेल्या वर्षी सोसायटीच्या पार्किंगला पाणी झिरपणारं काँक्रीट टाकलं आणि चार महिन्यांत चाकांखाली खडी सुटायला लागली. आता मागच्या फाटकाकडचा पट्टा करायचाय, म्हणून लिहून ठेवतोय.

सगळ्यात आधी प्लास्टिकचा कागद. पट्टा झाकून चारी बाजूंनी हातभर उरेल एवढा, ट्रक येण्याआधी कापून जागेवर हवा. नंतर दुकानात पळायला वेळ मिळत नाही.

मग जमीन. हातभर खड्डा खणा, पाणी भरा, किती वेळात उतरतं ते बघा. मुरमात मुरतं. काळी माती फुगते. तिथे खालून भोकांचा पाइप टाकून पाणी शोषखड्ड्याकडे न्यावं लागतं. पुण्यात वर्षाला साधारण 700 मिमी पाऊस पडतो, म्हणजे 100 चौरस मीटरवर 70,000 लिटर. आज ते गटारातून रस्त्यावर येतं. त्यातलं जेवढं मुरेल तेवढं जमिनीला आणि कडेच्या कडुनिंबाला. बुंध्यापर्यंत साधं काँक्रीट केलं की मुळांना पाणी नाही, हवाही नाही. हा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे.

खाली वीतभर धुतलेली खडी. कच, म्हणजे दगडाची भुकटी, अजिबात नको.

मालात वाळू जवळपास नसते. 15 ते 25 टक्के पोकळी राहिली पाहिजे. मूठ वळून बघा: गोळा टिकला पाहिजे, खडी ओली चमकली पाहिजे, बोटांतून लगदा ओघळता कामा नये. ओघळला तर सिमेंट तळाशी बसून भोकं बुजतात. ट्रक परत पाठवा, भीड नको.

पुन्हा प्लास्टिक. पोकळ्यांतून वारा खेळतो, त्यामुळे हा माल आतूनही सुकतो. रोलर फिरल्यावर 20 मिनिटांच्या आत झाका. पट्टा संपायची वाट बघू नका, झालं तेवढं झाकत जा. मिस्त्री म्हणाले, "उद्या सकाळी पाणी मारू की." आम्ही हो म्हणालो. दुपारपर्यंत वरची खडी पांढरी पडली, आणि सकाळी पाइपाच्या धारेखाली तिच्यावरची सिमेंटची साय पावडर होऊन वाहून गेली. मग खडी धरणार कशाला? झाका, आणि सात दिवस उघडू नका. दाबायला विटा ठेवा, माती नाही.

घोटाई नाही, व्हायब्रेटर नाही. सात दिवस गाडी नाही. पुढे त्यावर वाळू उतरवायची नाही, भोकं अधूनमधून साफ करायची.

प्लास्टिक आदल्या रात्री मोजून घ्या.