छोट्या बेटांवर साथीची तयारी: बंदर बंद केल्यावर होणाऱ्या या चुका टाळा

लहान बेटावर साथीच्या तयारीचा विषय निघाला की बैठक बहुधा एका वाक्यात उरकते: वेळ आली तर बंदर बंद करू. हा उपाय फुकट जात नाही, हे आधी मान्य करायला हवं. १९१८ च्या इन्फ्लुएंझात पॅसिफिक महासागरातल्या अमेरिकन समोआमध्ये एकही मृत्यू झाला नाही. तिथून शे-सव्वाशे किलोमीटरवरच्या पश्चिम समोआत मात्र दोनेक महिन्यांत लोकसंख्येच्या पाचव्या हिश्श्याहून जास्त माणसं गेली. समुद्र तोच, लोक एकाच रक्ताचे, भाषाही एकच.

फरक कशात होता? ७ नोव्हेंबर १९१८ ला न्यूझीलंडमधल्या ऑकलंडहून आलेलं ‘तालून’ जहाज पश्चिम समोआच्या आपिया बंदराला लागलं. जहाजावर आजारी माणसं होती, तरी प्रवासी उतरू दिले गेले, कारण ऑकलंडमध्ये साथ किती भडकली आहे याची खबर बंदरावरच्या अधिकाऱ्याला कोणी दिलीच नव्हती. पलीकडे अमेरिकन समोआच्या पागो पागो बंदरात गव्हर्नर जॉन पॉयर यांनी वायरलेसवरच्या बातम्या ऐकल्या आणि वरून हुकूम येण्याची वाट न पाहता जहाजं अडवली. गावकऱ्यांनी किनाऱ्यावर पहारे दिले.

इथे पहिली चूक सापडते. जहाज अडवायचं कोणी, हे ठरलेलंच नसतं. आरोग्य अधिकारी म्हणतो बंदर खात्याचं काम, बंदर खातं म्हणतं राजधानीला विचारा. तोवर शिडी लागलेली असते. अधिकार एका पदाला लेखी द्या, ती व्यक्ती रजेवर असेल तर कोण हेही लिहा, आणि रात्री दोन वाजता फोन करून एकदा तालीम घ्या. कोणत्या बंदरातून जहाजं आणि विमानं येतात त्याची यादी करून तिथल्या आजारपणाची बातमी रोज कोण बघणार, तेही ठरवा.

निगेटिव्ह अहवालावर विसंबणं

ही चूक सगळ्यात महाग पडते. लक्षद्वीपने २०२० चं सबंध वर्ष कोविडचा एकही रुग्ण न सापडता काढलं. कोचीत विलगीकरणात राहूनच पुढे जायचं, असा नियम होता. डिसेंबर २०२० मध्ये तो सैल झाला, निगेटिव्ह आरटी-पीसीआर अहवालावर प्रवेश सुरू झाला आणि जानेवारी २०२१ मध्ये पहिला रुग्ण सापडला. पॅसिफिकमधल्या किरिबाटी या बेटदेशाचा अनुभव याहून बोलका आहे. जानेवारी २०२२ मध्ये सीमा उघडल्यावर फिजीहून पहिलं विमान आलं. प्रवाशांचं लसीकरण झालेलं होतं, निघण्यापूर्वी विलगीकरण आणि चाचण्याही झाल्या होत्या. तरी ५४ पैकी ३६ जण पॉझिटिव्ह निघाले.

चाचणी त्या क्षणाचं सांगते, उद्याचं नाही. म्हणून विलगीकरण हवंच, आणि शक्य असेल तर बेटावर येण्याआधी, जिथे मोठं रुग्णालय जवळ आहे अशा ठिकाणी. पण तेवढ्यानेही काम संपत नाही, हे किरिबाटीने दाखवलं. आणखी एक गोष्ट विसरली जाते. शिडाच्या जहाजांच्या काळात लांबचा प्रवास हेच अर्धं विलगीकरण असायचं. वाटेतच आजार उघडा पडायचा. विमानाने तो काळ काही तासांवर आणला.

विलगीकरणाचे दिवस चुकीचे मोजणं

१८४६ मध्ये उत्तर अटलांटिकमधल्या फेरो बेटांवर गोवर आला, तेव्हा पीटर पानुम या तरुण डॅनिश डॉक्टरने गावोगाव फिरून संसर्गाची तारीख आणि पुरळ उठल्याची तारीख जुळवली. अंतर निघालं साधारण १३-१४ दिवसांचं. बेट लहान, होडी कधी आली ते सगळ्यांना ठाऊक, म्हणून हे जमलं. आजही हिशोब असाच तारखांचा आहे, पण आपण तो ढिसाळ करतो.

नेहमीची गडबड अशी: सोमवारी आलेला गट सातव्या दिवशी असताना नवीन गट त्याच इमारतीत, त्याच जेवणघरात येतो. दोन्ही गटांत संपर्क झाला की जुन्या गटाचे दिवस पुन्हा शून्यापासून मोजायला हवेत. व्यवहारात ते कोणी मोजत नाही. घरी विलगीकरण असेल आणि घरात दहा माणसं एकत्र राहत असतील, तर एक खोली वेगळी करून भागत नाही. सगळं घर एक गट धरा. स्वयंपाकी, पहारेकरी आणि सफाई करणारे संध्याकाळी आपल्या घरी जातात, हे नकाशात येतच नाही. त्यांची नावं यादीत सर्वांत वर हवीत. मुदत किती ठेवायची हे आजारावर ठरवा: इन्फ्लुएंझाची लक्षणं एक ते चार दिवसांत दिसतात, गोवराला तीन आठवडे धरावे लागतात.

“आपल्याकडे तो आजार नाही”

बरीच वर्षं आजार आला नाही म्हणजे अंगात प्रतिकारशक्ती असलेली माणसं कमी होत गेली. फेरोवर त्याआधीचा गोवर १७८१ मधला. ६५ वर्षांनी तो परतला तेव्हा जवळपास ७,८०० पैकी सुमारे ६,००० जण आजारी पडले. सुटले त्यांत १७८१ चा गोवर काढलेले म्हातारे होते.

लसीने ही पोकळी भरते, पण लसीवरचा विश्वास एका अपघातात तुटू शकतो. समोआत (पूर्वीचा पश्चिम समोआ) २०१८ मध्ये दोन बाळं दगावली; परिचारिकांकडून लसीची पूड विरघळवताना पाण्याऐवजी भूल देताना वापरायचं औषध मिसळलं गेलं होतं. लसीकरण काही महिने थांबवलं गेलं. २०१९ च्या गोवरात ८३ जण गेले, त्यातली बहुतेक पाच वर्षांखालची मुलं. त्याच सुमारास गोवर टोंगा आणि फिजी या शेजारच्या बेटदेशांतही पोचला होता, पण तिथे लसीकरण भक्कम असल्याने कोणी दगावलं नाही. त्या दोन बाळांच्या आईबापांना खरं कारण लवकर आणि स्पष्ट कळायलाच हवं होतं, आणि बाकीच्या मुलांची लसही थांबायला नको होती. या दोन्ही गोष्टी एकत्र करता येतात. चौकशी उघडपणे करा, कुप्या तपासून घ्या, लसीकरण चालू ठेवा.

यंत्रं मोजणं, ती चालतात का ते न बघणं

कागदावर प्राणवायूचे आठ कॉन्सन्ट्रेटर (हवेतून प्राणवायू वेगळा काढणारी यंत्रं) असतात. खारट, दमट हवेत त्यातले किती चालू आहेत? फिल्टर आणि फ्यूज बेटावर आहेत का? वीज गेली तर? दर महिन्याला प्रत्येक यंत्र चालू करून बाहेर पडणाऱ्या प्राणवायूची शुद्धता मोजा. चाचणीच्या यंत्रात घालायच्या कार्ट्रिज मुदतीच्या क्रमाने वापरा, आधी संपणारी आधी. बंदर बंद झालं की इन्सुलिन आणि रक्तदाबाच्या गोळ्याही बंद होतात, म्हणून तो साठा आधी करा.

दोन संकटं एकदम येणार नाहीत असं धरणं

जानेवारी २०२२ मध्ये टोंगात ज्वालामुखीचा उद्रेक झाला, समुद्राखालची केबल तुटली आणि देशाचा जगाशी संपर्क जवळपास तुटला. मदत कोणाचा कोणाशी स्पर्श न होता उतरवली गेली. फेब्रुवारीच्या सुरुवातीला बंदरावरच्या कामगारांत कोविड सापडलाच. सॅटेलाइट फोन किंवा एचएफ रेडिओ (लांब पल्ल्याचा बिनतारी संच) ठेवा, दर आठवड्याला एकदा बोलून बघा, आणि धक्क्यावर माल उतरवणाऱ्यांना लसीच्या रांगेत नर्सच्या बरोबरीने उभं करा.

सगळे एकदम आजारी पडतील याचा विचार न करणं

पश्चिम समोआत घरंच्या घरं एकाच आठवड्यात आडवी झाली. पाणी द्यायला, चूल पेटवायला उठू शकेल असं कोणी उरलं नाही, आणि त्यातही जीव गेले. गावची तयारी इथून सुरू करा: कोणत्या घरात एकटी म्हातारी माणसं आहेत, कोणत्या घरात तान्ही बाळं आहेत, कोणाच्या दारात रोज सकाळी कोण जाऊन हाक मारणार, आणि तो स्वतः पडला तर त्याच्या जागी कोण. दोन्ही नावं लिहा, आणि ती यादी दवाखान्याबाहेर सगळ्यांना दिसेल अशी लावा.