मसाज चेअर टोचते? आधी पाठ बघा, या चुका टाळा

"खुर्ची फार टोचते हो" हे इतक्यांदा ऐकलंय की आता मी आधी बसणाऱ्याचे खांदे बघतो, बहुतेक वेळा ते कानाला लागलेले असतात. खुर्चीच्या पाठीतला रोलर तोच, दाबाची लेव्हल तीच, पण पाठ सैल असेल तर रोलर स्नायूत रुततो आणि दाब पसरतो. पाठ आखडलेली असली की तोच रोलर लाकडावरून फिरल्यासारखा वरवर घासत जातो आणि खांद्याच्या फऱ्याला, बरगड्यांना लागतो.

सगळ्यात मोठी चूक म्हणजे बसल्या बसल्या फुल स्ट्रेंथ. आमचे दाजी नागपूरहून पुण्याला रात्रभर एकट्याने गाडी चालवत आले, जवळपास सातशे किलोमीटर, आणि आल्या आल्या आंघोळ नाही चहा नाही सरळ चेअरमध्ये. स्ट्रेंथ फुल म्हणजे 5 वर, त्यात झीरो ग्रॅव्हिटी, म्हणजे खुर्ची पार मागे झुकवून पाय वर. दोन मिनिटांत दात आवळलेले, हात मुठीत. मी म्हटलं दाजी कमी करा, तर म्हणाले दुखल्याशिवाय मोकळी कशी होणार? वीस मिनिटं संपली तर लगेच दुसरा राउंड लावला. दुसऱ्या दिवशी मान वळेना आणि म्हणे ही खुर्चीच बोगस आहे, परत करा. मला खरंच राग येतो अशा घाईचा. अरे दुखलं की स्नायू स्वतःला वाचवायला अजून आवळतो, मग रोलर अजून लागतो, की अजून आवळतो! त्यात झीरो ग्रॅव्हिटीत मागे झुकलं की अंगाचा भार रोलरवर येतो, म्हणजे रिमोटवर आकडा तोच दिसला तरी दाब वाढलेला असतो.

दोन दिवस दाजींना बसूच दिलं नाही. मग गरम पाण्याने आंघोळ, पाठीमागे जाड टॉवेल, खुर्ची जरा उभीच, दहा मिनिटं नुसती हीट, आणि मग लेव्हल 1 वर फक्त नीडिंग म्हणजे कणीक मळल्यासारखं दाबणं, टॅपिंग म्हणजे ठोकणं अजिबात नाही. रोलर दुखऱ्या जागी आला की श्वास लांब सोडायला सांगितला. दहा मिनिटांत दाजी घोरत होते. मी स्वतः आजही असंच करतो, लेव्हल वाढवायची ती पाठ सैल झाल्यावर, आणि तीही एकाच घराने.

दुसरी चूक स्कॅनच्या वेळची. सुरुवातीला चेअर तुमचे खांदे कुठे आहेत ते मोजते आणि तुम्ही तेव्हाच खांदे उचलून नाहीतर कंबर पुढे सरकवून बसलात तर सगळा हिशोब चुकतो, मानेचे रोलर भलतीकडे दाबतात. कंबर पार मागे टेकवा, दोनदा श्वास सोडा, खांदे पाडा, मग स्टार्ट. चुकलं वाटलं तर बंद करून परत स्कॅन करा, एवढा धीर धरा.

मसाज चालू असताना मोबाईल बघू नका, मान पुढे गेली की वरची पाठ ताणलेलीच राहते. मागच्या खिशातलं पाकीट काढा. जेवल्या जेवल्या बसू नका. बायकोला जी लेव्हल आवडते ती तुम्हालाही झेपेल असं धरून चालू नका.

आणि पाठीतून पायात मुंग्या उतरत असतील, ताजी उसण भरली असेल तर चेअर नकोच, आधी डॉक्टर. हाडं ठिसूळ झालेल्या आजी-आजोबांना, गरोदर बाईला, पेसमेकरवाल्यांना तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बसवूच नका.