जुन्या ट्रॅक्टरचं वायरिंग उघडण्याआधी

गेल्या वर्षी दसऱ्याला ट्रॅक्टर रंगवून घेतला आणि ऐन ज्वारीच्या पेरणीत सेल्फ, म्हणजे इंजिन चालू करणारी मोटर, फिरेना. नुसतं टक् वाजायचं. नवी बॅटरी आणली, सेल्फ उतरवून तालुक्याला नेला. तोवर रानातला वापसा गेला. दोष निघाला अर्थिंगच्या पट्टीत, म्हणजे बॅटरीचा निगेटिव्ह ट्रॅक्टरच्या लोखंडाला जोडणाऱ्या पट्टीत. तिच्या बोल्टखाली रंग बसला होता.

पाने, पकड, टेप घरात असतातच. मल्टिमीटर घ्या, नसेल तर 12 व्होल्टच्या बल्बला दोन वायरी जोडल्या तरी निम्मं काम होतं. पॉलिश पेपर घ्याच, तो अर्थिंगला लागणार आहे. गिअर न्यूट्रलला, हँडब्रेक ओढलेला. आणि खाली उभं राहून सेल्फची टोकं पान्याने कधीही जोडू नका. गिअर पडलेला असला तर ट्रॅक्टर चालू होऊन अंगावर येतो, माणसं गेली आहेत अशाने.

आधी बॅटरी. रात्रभर उभ्या ट्रॅक्टरची 12.6 व्होल्टच्या आसपास हवी, 12.2 म्हणजे जेमतेम अर्धी. टर्मिनलवरचा पांढरा-हिरवा थर गरम पाण्याने धुवा.

मग लगेच अर्थिंग. दुसरं काही उघडण्याआधी अर्थिंग! इंजिन बंद करायची दांडी ओढून ठेवा. मीटरची एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर, दुसरी इंजिनच्या उघड्या लोखंडावर धरा आणि कुणाला तरी सेल्फ मारायला सांगा. अर्ध्या व्होल्टच्या वर दाखवलं तर पट्टी सोडा, रंग-गंज खरवडून लोखंड चमकवा, आवळा, वरून व्हॅसलीन लावा. दिवे लागतात म्हणजे अर्थिंग ठीक, या समजुतीनेच मी फसलो. हेडलाइटच्या जोडीला आठ-दहा अँपिअर पुरतात, सेल्फला काहीशे लागतात. तेवढा करंट रंगाच्या थरातून जात नाही.

वायर सोडायची तर निगेटिव्ह आधी काढा, जोडताना शेवटी. फ्यूज उडाला तर तेवढ्याच अँपिअरचा घाला. तार गुंडाळली तर पुढे वायरिंगच पेटतं. बॉनेटखाली उंदरांनी कुरतडलेलं बघा.

चार्जिंग: इंजिन चालू असताना बॅटरीवर 13.8 ते 14.4 व्होल्ट हवेत. कमी आलं तर आधी बेल्ट बघा, मग बॅटरी चार्ज करणारा अल्टरनेटर. हॉर्न, इंडिकेटर, ट्रॉलीचे दिवे बंद असतील तर त्यांचंही आधी अर्थिंगच बघा.